पहिले हजार दिवस : शरीरात नक्की काय ठरून जातं आणि काय नाही?

टिपकागद

गर्भारपणाचे २७० आणि जन्मानंतरचे ७३० मिळून हजार दिवस. त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं त्यातलं निम्मं आईबापांना धडकी भरवणारं असतं, उरलेलं गुळमुळीत. कोणत्या आठवड्यात काय बनतं, मुदत टळल्यावर काय भरून निघतं आणि काय निघत नाही, हे क्वचितच कोणी सांगतं. म्हणून हा धागा.

सुरुवात मूत्रपिंडापासून, कारण तिथला हिशेब स्वच्छ आहे. रक्त गाळणारा सूक्ष्म घटक म्हणजे नेफ्रॉन. एका मूत्रपिंडात सरासरी नऊ-दहा लाख नेफ्रॉन असतात, पण माणसामाणसात प्रचंड तफावत : कुणाकडे दोन-अडीच लाख, कुणाकडे वीस लाखांच्या घरात. हे सगळे गर्भाच्या ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत तयार होतात, त्यातले सुमारे ६० टक्के शेवटच्या तिमाहीत. वेळेवर जन्मलेल्या बाळात त्यानंतर एकही नवा बनत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळात जन्मानंतर साधारण ४० दिवस काम चालू राहतं, पण बनलेल्यांपैकी बरेच सदोष असतात.

संख्या कमी असली की प्रत्येक नेफ्रॉनवर भार जास्त, आतला दाब जास्त. वर्षानुवर्षांच्या दाबाने तो निबर होऊन बंद पडतो आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो. मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही कल्पना. लहानपणी काहीच जाणवत नाही. चाळिशीत रक्तदाब निघतो आणि मग खापर मिठावर नि नोकरीच्या ताणावर फुटतं.

दुसरी गोष्ट ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ डेव्हिड बार्कर यांची. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका घरोघरी जाऊन बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन वहीत टिपत. त्या वह्या सापडल्यावर बार्कर यांच्या गटाने १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा मागोवा घेतला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. वजन जितकं कमी, तितके हृदयविकाराने मृत्यू जास्त. लोक यातलं जन्माचं वजन तेवढं लक्षात ठेवतात. त्या शोधनिबंधात ठळक दिसलं होतं ते *वर्षाचं* वजन.

तिसरी गोष्ट पुण्याची. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या आसपासच्या गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. सरासरी वजन इथे २.७ किलो, तिथे ३.५. स्नायू आणि पोटातले अवयव इथे बरेच कमी, पण खांद्याच्या पात्याखालची चरबी जवळपास टिकलेली. म्हणजे बाळ हडकुळं दिसतं, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त. नुसत्या वजनकाट्याला हे कळत नाही.

---

तिरपी_रेघ

मांडणी चांगली, पण शीर्षकातल्या ‘ठरून जातं’वर हरकत. बार्कर यांचा अभ्यास निरीक्षणाचा. कमी वजनाचं बाळ गरीब घरात जास्त जन्मतं आणि गरीब घरातला माणूस पुढेही कोंदट घरात राहतो, धूम्रपान जास्त करतो. गर्भाचा परिणाम किती आणि पुढच्या पन्नास वर्षांचा किती, हे नुसत्या वह्यांवरून वेगळं होत नाही.

दुष्काळाचे दाखले बघा. दुसऱ्या महायुद्धात, नेदरलँड्समध्ये नोव्हेंबर १९४४ ते मे १९४५ या काळात शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली, काही आठवडे तर ४००-८०० वर आला. गर्भाच्या सुरुवातीला ही उपासमार सोसलेल्यांत पुढे हृदयविकार आणि स्थूलता जास्त, शेवटी सोसलेल्यांची जन्माची वजनं कमी. साखर पचवण्याची ताकद दोन्हीकडे घटलेली. सगळे हेच उदाहरण देतात. रशियातल्या लेनिनग्राडचं कोणी देत नाही. तिथला जर्मन सैन्याचा वेढा त्याहून भीषण, पण तिथल्या मुलांचा १९९७ मध्ये छापलेला अभ्यास सांगतो की गर्भातल्या उपासमारीचा प्रौढपणीच्या साखरेशी संबंध दिसला नाही.

---

टिपकागद

@तिरपी_रेघ, ‘ठरून जातं’ हे नेफ्रॉनच्या *संख्येला* लागू आहे, रोगाला नाही. तेवढं मान्य.

लेनिनग्राडचा दाखला मात्र उलट मदतीला येतो. नेदरलँड्समध्ये युद्ध संपताच अन्न मुबलक झालं, लेनिनग्राडमध्ये टंचाई पुढेही राहिली. गर्भाने टंचाईचा अंदाज बांधून शरीर काटकसरीचं केलं आणि बाहेर टंचाईच निघाली, तर बिघाड कमी. बाहेर सुबत्ता निघाली तर ते शरीर तिथे फसतं. या अर्थाला विरोध करणारेही आहेत, पण दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की हाच अर्थ सगळ्यात कमी ओढाताण करतो.

आणि गरिबीचा घोळ टाळणारे अभ्यास आहेत. अमेरिकेतल्या पिमा या मूलनिवासी लोकांत मधुमेहाचं प्रमाण फार. तिथे एकाच आईची मुलं तपासली : काही आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. नंतरच्यांत मधुमेहाचा धोका सुमारे पावणेचार पट (२०००). आई तीच, घर तेच. बदलली ती गर्भातली साखर.

---

तिरपी_रेघ

पिमांचा अभ्यास भक्कम आहे, मानलं. भावंडांची तुलना ही या विषयातली सगळ्यात कामाची युक्ती.

आता कोणीतरी ‘एपिजेनेटिक्स’ (जनुक तेच राहून त्याचं चालू-बंद होणं बदलणं) काढेलच, म्हणून आधीच लिहितो. डच उपासमारीच्या वेळी ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्या रक्तपेशींत सहा दशकांनंतर आयजीएफ-२ या वाढीच्या जनुकाजवळचं मिथिलेशन (जनुकावरची रासायनिक खूण) भावंडांपेक्षा कमी भरलं (२००८). खरं आहे आणि विलक्षण आहे. पण फरक सुमारे पाच टक्क्यांचा, तोही रक्तपेशींत. यकृतात, स्वादुपिंडात काय झालं ते यातून कळत नाही आणि या फरकाने अमुक रोग झाला असंही सिद्ध होत नाही. त्यावर ‘बाळाची एपिजेनेटिक चाचणी’ विकणारे उभे राहिलेत. अशा अहवालावरून एका मुलाबद्दल काहीही ठरवता येत नाही. पैसे वाचवा.

---

शून्यमहाशय

दोघांची जुगलबंदी वाचतोय. पण जन्म झालाय, मूल समोर आहे, आता करायचं काय, हे कोणी सांगेल का?

---

लिंबोणी

शून्यमहाशय, थोडं जन्माच्या आधीचं घेते, कारण सगळ्यात कडक मुदत तिथेच आहे. पाठीचा कणा आणि मेंदू ज्यातून बनतो ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. दिवस गेल्याचं कळून, वेळ घेऊन, डॉक्टरांकडे जाऊन फॉलिक अॅसिड सुरू होईस्तोवर ही मुदत संपलेली असते. म्हणून गोळी मूल हवं असं ठरवल्यावर, निदान एक महिना आधी : रोज ४०० मायक्रोग्रॅम, १२ आठवड्यांपर्यंत. आधीच्या बाळात असा दोष असेल तर मात्रा दसपट, ४ मिलिग्रॅम, आणि ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत या मोठ्या मात्रेने दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. या विषयातल्या फार थोड्या गोष्टी इतक्या पक्क्या आहेत.

सोबत बी-१२ बघा. फक्त फॉलिक भरपूर आणि बी-१२ कमी, ही जोडी बरी नाही. फॉलिक रक्तातला दोष झाकतं, मज्जातंतूंचं नुकसान चालू राहतं. पुण्याच्याच गटाला असं आढळलं की गर्भारपणी बी-१२ कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिकच) जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. अंगावर पिणाऱ्या बाळाची आई बी-१२ ला कमी असेल तर चार ते दहा महिन्यांच्या दरम्यान बाळ शिकलेलं विसरू लागतं : हसणं कमी, मान ढिली, हात थरथरणं. याला ‘दात येताहेत’ म्हणून सोडू नका.

---

पानगळ

प्रश्न : पूर्ण दिवसांचं पण २.२ किलोचं बाळ. घरातले म्हणतात भरपूर पाजून लवकर ‘बाळसं’ आणा. दुसरीकडे वाचलं की भराभर वजन वाढलं तर पुढे मधुमेह. दोन्ही कसं खरं असेल?

---

अवलोकिता

पानगळ, दोन्ही खरं आहे, कारण वयाप्रमाणे उत्तर बदलतं.

पूर्ण दिवसांच्या कमी वजनाच्या बाळांपैकी ८५-९० टक्के बाळं दोन वर्षांच्या आत उंचीत आपणहून बरोबरीला येतात. ही वाढ हवीच, मेंदू तेव्हाच वाढत असतो. तिला रोखू नका आणि ढकलूही नका. स्तनपान मागेल तेव्हा, भूक भागल्याची खूण (तोंड फिरवणं, ओढणं मंदावणं) दिसली की थांबायचं. बाटली रिकामी करायची सक्ती नाही. वरचं दूध पावडरचं असेल तर आधी पाणी मोजायचं, मग चमचा सपाट करून पावडर. ‘बाळ अशक्त आहे’ म्हणून एक चमचा जास्त घातला तर प्रथिनं आणि क्षार दोन्ही वाढतात. जास्त प्रथिनांच्या पावडरवर वाढलेली मुलं सहाव्या वर्षी जास्त स्थूल निघाली, हे युरोपातल्या पाच देशांच्या चाचणीत दिसलंय. आणि पुरवायची म्हणून पातळ केली तर उपासमार, शिवाय रक्तातलं सोडियम घसरून झटके.

खरी गडबड दोन वर्षांनंतर होते. दिल्लीतल्या १,४९२ जणांचा जन्मापासून मागोवा घेतलेला अभ्यास २००४ मध्ये आला. २६ ते ३२ व्या वर्षी ज्यांची साखर बिघडली ते दोन वर्षांपर्यंत *बारीक* होते, मग त्यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) लवकर उलटला आणि बारा वर्षांपर्यंत चढत राहिला. त्यातले बहुतेक लहानपणी स्थूल या व्याख्येत कधी बसलेच नव्हते.

‘उलटला’ म्हणजे काय ते सांगते. बीएमआय आठ-नऊ महिन्यांपर्यंत वाढतो, मग घसरत पाच-सहा वर्षांना तळ गाठतो आणि पुन्हा चढतो. हा तळ पाचच्या आधी आला तर पुढे स्थूलतेचा धोका जास्त. नेमक्या याच चार-पाच वर्षांच्या वयात मूल काटकुळं दिसतं, फासळ्या मोजता येतात आणि घरातले मागे लागून भरवतात. तो बारीकपणा नैसर्गिक आहे. त्या वयात मेंदू विश्रांतीच्या ऊर्जेपैकी दोन तृतीयांश एकटा खातो, त्यामुळे अंगाची वाढ मंद असते.

आलेखावरची पर्सेंटाइलची (शंभर मुलांत कितवं, याची) एक रेघ ओलांडणं, म्हणजे २५ वरून ५० वर जाणं, हे ०.६७ एसडी (प्रमाण विचलन) इतकं होतं. अभ्यासांत ‘भरभर वाढ’ याला म्हणतात. कमी वजनाच्या बाळाने पहिल्या वर्षात ते केलं तर चांगलं. तीन वर्षांच्या मुलाने फक्त वजनात केलं आणि उंचीत नाही, तर थांबून विचार करायचा.

---

पानगळ

आभार. मग दर महिन्याला मोजत राहायचं का? आलेख कधी वर, कधी खाली दिसतो.

---

अवलोकिता

निम्म्या ‘घसरणी’ मोजण्याच्या असतात, मुलाच्या नसतात. लांबीतच जास्त घोळ होतो.

दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी *निजवून* घेतात. फळी हवी, शिवणाची टेप नको. दोन माणसं लागतात. एकाने डोकं स्थिर फळीला टेकवून नजर सरळ वर ठेवायची, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना सपाट लावायची. पायाची बोटं टोकदार झाली की अर्धा-पाऊण सेंटिमीटर जास्त येतं, गुडघा वाकला की एक-दीड कमी. दोन वर्षांनंतर उभं करून. निजवून आलेला आकडा उभ्यापेक्षा ०.७ सेंमी जास्त असतो. दोन वर्षांच्या वाढदिवसाला पद्धत बदलते आणि ‘उंची घसरली’ म्हणून घाबरगुंडी उडते, ती यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या आलेखांत हा फरक आधीच धरलेला आहे, फक्त योग्य आलेख घ्यायचा.

वजन कपड्यांशिवाय, त्याच काट्यावर. पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्के घटतं आणि १०-१४ दिवसांत परत येतं. डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपने, भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून, तीनदा, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मांडायचं. ३२ आठवड्यांचं बाळ सहा महिन्यांचं झालं तर आलेखावर चार महिन्यांचं. हे विसरल्यामुळे धडधाकट मुलं ‘कुपोषित’ ठरतात.

एका महिन्याच्या आकड्यावर निर्णय नाही. सलग दोन-तीन नोंदी एकाच दिशेने जात असतील तरच.

---

लिंबोणी

आता लोह. माझ्या मते या सगळ्या यादीत सर्वांत दुर्लक्षित.

बाळ आपलं लोह मुख्यतः शेवटच्या तिमाहीत साठवतं. पूर्ण दिवसांच्या बाळाला ते चार ते सहा महिने पुरतं. आईच्या दुधात लिटरला साधारण ०.३५ मिलिग्रॅम. रोज ७००-८०० मिली दूध धरलं तर पाव मिलिग्रॅमच्या आसपास. ते चांगलं शोषलं जातं, तरी सहा महिन्यांनंतर शरीराला रोज *आत शोषलेलं* पाऊण मिलिग्रॅम लागतं. दुधाने ते गणित सुटत नाही, म्हणून वरच्या आहारात लोह हवंच. सात ते बारा महिन्यांना अमेरिकेतली शिफारस ११ मिलिग्रॅमची आहे, प्रौढ पुरुषाच्या ८ पेक्षा जास्त. वर्षाच्या आत जनावराचं दूध मुख्य आहार म्हणून दिलं की लोह कमी मिळतं, शिवाय काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्त झिरपतं.

मेंदूशी संबंध असा. लोह कमी पडलं की शरीर ते आधी तांबड्या पेशींना देतं. हिमोग्लोबिन घसरायच्या *आधी* मेंदूची उपासमार सुरू झालेली असते. मज्जातंतूंवरचं आवरण आणि डोपामिन (मेंदूतलं संदेश नेणारं रसायन) दोन्हीला लोह लागतं. कोस्टा रिकातल्या ज्या बाळांत कमतरता दीर्घ आणि तीव्र होती, ती पुढे औषधाने भरून काढूनही १९ व्या वर्षापर्यंत आकलनाच्या चाचण्यांत मागे राहिली. तेव्हा फक्त हिमोग्लोबिन बघू नका, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) बघा. पाच वर्षांखाली १२ च्या खाली म्हणजे साठा संपला. मुलाला ताप-सर्दी असेल तर फेरिटिन खोटं वर जातं, तेव्हा ३० ही सीमा धरतात.

सगळ्यात स्वस्त उपाय प्रसूतीच्या खोलीतच आहे : नाळ लगेच न आवळता एक ते तीन मिनिटं थांबणं. ८० ते १०० मिली रक्त बाळाकडे जातं. बाळ रडत नसेल, श्वास द्यावा लागणार असेल तर निर्णय तिथल्या डॉक्टरांचा.

थेंबांबद्दल. बाटलीवर *मूलद्रव्य लोह* किती ते वाचा. फेरस सल्फेटमध्ये ते सुमारे २० टक्के, फ्युमरेटमध्ये ३३. क्षाराचं वजन आणि लोहाचं वजन यांत गल्लत झाली की मात्रा तिपटी-पाचपटीने चुकते. उपचाराची मात्रा दर किलोला ३ मिलिग्रॅमपासून, दुधासोबत नाही. शी काळी होते, चालतं. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एकाने वाढायला हवं. वाढलं नाही तर मात्रा वाढवत बसू नका, थॅलेसेमियाची (आनुवंशिक रक्तदोषाची) तपासणी करा. आकडा सुधारल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवायचं, नाहीतर साठा रिकामाच राहतो. आणि बाटली कुलपात. मोठ्या माणसांच्या लोहाच्या गोळ्या लहान मुलांना जीवघेण्या ठरतात, दर किलोला ६० मिलिग्रॅमच्या पुढे प्रकरण गंभीर होतं.

---

शून्यमहाशय

लिंबोणीताई, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावण्यासारखं आहे. रच्याकने, मेंदूच्या बाबतीत ‘तीन वर्षांत सगळं संपतं’ म्हणतात ते कितपत?

---

काचबिंदी

संपत नाही. प्रत्येक क्षमतेची मुदत वेगळी आणि काही मात्र खरोखर कडक.

डोळा : जन्मजात दाट मोतीबिंदू सहा ते आठ आठवड्यांच्या आत काढावा लागतो. उशीर झाला तर भिंग काढूनही मेंदू त्या डोळ्याचं चित्र घेत नाही. शस्त्रक्रिया हे अर्धंच काम, पुढे चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, वर्षानुवर्षं. पट्टीचा कंटाळा केला की सगळं पाण्यात. फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल आणि एक पांढरी दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

कान : १-३-६. एक महिन्याच्या आत चाळणी (प्राथमिक तपासणी), तीनच्या आत निदान, सहाच्या आत श्रवणयंत्र आणि भाषेचं काम सुरू. अतिदक्षता विभागात पाचपेक्षा जास्त दिवस राहिलेल्या बाळाची फक्त ओएई चाचणी पुरत नाही, एबीआर (कानाच्या नसेची चाचणी) हवी. ओएई आतल्या कानाच्या पेशी तपासते, नसेतला दोष तिला दिसत नाही.

थायरॉइड : जन्मजात कमतरतेचं बाळ जन्मतः ठीक दिसतं, कारण आईचं थायरॉक्सिन (थायरॉइडचं संप्रेरक) काही प्रमाणात आलेलं असतं. टाचेतून रक्त ४८ ते ७२ तासांत घ्यायचं. पहिल्या दिवशी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) सगळ्याच बाळांत उसळतं, म्हणून घाईने घरी सोडताना घेतलेल्या नमुन्यात खोटे धोक्याचे इशारे येतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात उलट, वाढ उशिरा दिसते, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा. निदान पक्कं झालं की औषध दोन आठवड्यांच्या वयाच्या आत, दर किलोला रोज १० ते १५ मायक्रोग्रॅम. गोळी चिरडून थोड्याशा पाण्यात किंवा आईच्या दुधात, लोह-कॅल्शियमच्या थेंबांपासून लांब. पूर्ण बाटलीत मिसळली आणि बाळाने अर्धी टाकली की मात्रा गेली.

भाषा, लक्ष, भावना यांच्या मुदती याहून बऱ्याच सैल आहेत.

---

पानगळ

आणि ताण? बालपणीचा आघात शरीरात ‘कोरला’ जातो, एसीई गुण (बालपणीच्या वाईट अनुभवांची बेरीज) मोजा, असं सगळीकडे चालू आहे.

---

तिरपी_रेघ

एसीईचा मूळ अभ्यास १९९८ चा, फेलिटी आणि अँडा यांचा. सॅन डिएगोमधले साडेनऊ हजार प्रौढ. छळ, दुर्लक्ष, घरातलं व्यसन, तुरुंगवास अशा प्रकारांची बेरीज जितकी जास्त तितके हृदयविकार, फुप्फुसाचे रोग, नैराश्य जास्त. समूहासाठी हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण एका माणसाचा गुण चार आला म्हणून त्याचं भविष्य सांगता येत नाही. किती वेळा, कोणत्या वयात, किती तीव्र, शेजारी कोणी आधार देणारं होतं का, यातलं काहीच त्या बेरजेत नाही. खुद्द अँडा यांनीच २०२० मध्ये लिहिलं की हा गुण व्यक्तीच्या निदानासाठी वापरू नका. शाळेत फॉर्म भरून घेणाऱ्यांनी ते वाचावं.

---

काचबिंदी

सहमत. पण वंचिततेबद्दल यादृच्छिक चाचणीचा पुरावा आहे, फक्त सहसंबंध नाही. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयातली ६ ते ३१ महिन्यांची १३६ मुलं. चिठ्ठी टाकावी तशी निम्मी पालक-कुटुंबांत, उरलेली होती तशीच. कुटुंबात गेलेल्यांचा बुद्ध्यांक पुढे जास्त, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांत फायदा सर्वांत ठळक. अन्न-औषध अनाथालयातही होतं. नव्हतं ते एकच माणूस रोज समोर असणं, बाळाने आवाज काढला की त्याने उत्तर देणं.

ताणाचं शरीरशास्त्र थोडक्यात : लस टोचताना कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) वर जातं आणि कुशीत घेतलं की उतरतं. हे निरोगी आहे. ते सतत वर राहिलं, उतरवणारं कोणी नसलं, तेव्हा नुकसान. एखाद्या रात्री बाळ रडलं म्हणून काही कोरलं जात नाही.

---

टिपकागद

फुप्फुसं आणि शिसं राहिली होती, त्यांचं उरकतो.

फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपैकी बहुतेक जन्मानंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत बनतात. क्षमता विशीच्या सुरुवातीला शिखर गाठते आणि मग प्रत्येकाची उतरते. शिखरच बुटकं राहिलं तर सामान्य वेगाने उतरूनही माणूस साठीत धापा टाकतो. २०१५ मधल्या मोठ्या विश्लेषणात सीओपीडी (दम लागण्याचा दीर्घकाळचा फुप्फुसविकार) झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांची क्षमता चाळिशीच्या आधीच कमी होती. धूर गर्भापासून टाळायचा. खिडकीत उभं राहून ओढलेली सिगारेट बाहेर ओढली असं होत नाही.

शिसं : लहान मूल गिळलेल्या शिशापैकी ४०-५० टक्के शोषतं, मोठं माणूस दहाच्या आसपास. लोह कमी असेल तर आणखी. सुरक्षित पातळी कोणतीच नाही. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) २०२१ मध्ये दखल घ्यायची पातळी रक्ताच्या डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. बोटातून घेतलेल्या थेंबात जास्त आलं तर शिरेतल्या रक्ताने पक्कं करायचं, कातडीवरची धूळ थेंबात मिसळते. शरीरातून काढायचं औषध ४५ च्या पुढे देतात. त्याखाली उपाय म्हणजे उगम शोधणं, ओल्या फडक्याने पुसणं (झाडू धूळ उडवतो), हात धुणं, लोह भरून काढणं. हाडात बसलेलं शिसं दशकानुदशकं राहतं आणि मुलीच्या पुढच्या गर्भारपणात तिच्या हाडांतून रक्तात उतरतं.

---

लिंबोणी

साखर राहिली की. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं आणि खप जवळपास दुप्पट झाला. २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासात रेशनिंगच्या काळात गर्भात आणि बाळपणात असलेल्यांची त्यानंतरच्यांशी तुलना आहे. टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के कमी, उच्च रक्तदाबाचा २० टक्के. झालाच तर मधुमेह चार वर्षं उशिरा, रक्तदाब दोन. दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, हा सल्ला आधीपासून होता. आता त्याला पुरावा बरा मिळाला.

---

तिरपी_रेघ

बाकीचे निर्बंधही १९५३-५४ च्या सुमारास उठले, त्यामुळे सगळं श्रेय साखरेलाच द्यायला मी तयार नाही. पण सल्ल्याने तोटा काही नाही.

---

पानगळ

शेवटचा प्रश्न, मग धागा सोडते. अपुऱ्या दिवसांचं मूल, नेफ्रॉन कमी असणार हे कळलं. मोजता तर येत नाहीत. मग बघायचं काय?

---

टिपकागद

रक्तदाब. सगळ्या मुलांचा तीन वर्षांपासून वर्षातून एकदा, आणि ३२ आठवड्यांच्या आत किंवा फार कमी वजनाने जन्मलेल्यांचा त्याआधीपासून दर भेटीत. शिवाय लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) अधूनमधून. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक औषधं, विशेषतः जुलाब-उलट्यांत, विचारल्याशिवाय नकोत.

कफचं (रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचं) माप चुकलं की सगळं चुकतं. दंडाचा मधला घेर मोजा. कफमधल्या फुग्याची रुंदी त्याच्या निदान ४० टक्के, लांबी ८० ते १०० टक्के हवी. घेर १६ सेंमी असेल तर रुंदी साडेसहाच्या आसपास. छोटा कफ आकडा खोटा वाढवतो. मूल तीन ते पाच मिनिटं शांत बसलेलं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उजवा हात हृदयाच्या पातळीला. तक्ते उजव्या हाताचे आहेत, आणि महाधमनी अरुंद असेल तर डाव्या हातात आकडा कमी येऊ शकतो. निकाल वय, लिंग आणि *उंचीच्या* तक्त्यावर बघायचा, १२०/८० चा नियम तेराव्या वर्षाआधी लागू नाही. यंत्राने जास्त दाखवलं तर स्टेथोस्कोपने पुन्हा. तीन वेगवेगळ्या भेटींत ९५ पर्सेंटाइल किंवा त्यावर आलं तरच त्याला उच्च रक्तदाब म्हणायचं.